कानमफ, चावायचं लॉकेट आणि खिशातलं कार्ड: आवाजी टिक्ससाठी घेतल्या जाणाऱ्या सामानाचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. ऑटिझम असलेल्या विशीतल्या मुलाच्या घशातून अचानक आवाज येऊ लागले, म्हणजे हुंकार, खाकरणं, चित्कार किंवा एखादाच शब्द पुन्हा पुन्हा, की घरचे घाबरून ऑनलाइन सामान मागवतात. त्यातली एकही वस्तू तो आवाज थांबवत नाही. काही वस्तू त्याच्यावरचा भार हलका करतात, त्या ठेवाव्यात. काही फक्त शेजारपाजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून घेतलेल्या असतात, त्या परत पाठवाव्यात. सगळ्यात कामाची वस्तू झेरॉक्सच्या दुकानात तयार होते आणि सगळ्यात कामाची सेवा फोनवर फुकट मिळते, पण दोन्ही नीट वापरल्या तरच. (टिक म्हणजे मनात नसताना झटक्यात येणारी हालचाल किंवा आवाज. मुलींनाही टिक्स होतात. मुलग्यांत प्रमाण जास्त, म्हणून पुढे 'तो' लिहिलं आहे.)

पार्सल मागवण्याआधी आवाज कसला आहे ते ठरवा. स्टिमिंगला, म्हणजे स्वतःला शांत करायला पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालीला किंवा आवाजाला, लय असते, ते बहुधा लहानपणापासून चालत आलेलं असतं आणि करताना त्याला बरं वाटतं. टिक तुटक असते, झटक्यात येते, तिला लय नसते. तिच्याआधी खोकल्यासारखी उबळ येते आणि आवाज निघून गेला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं, दुसऱ्याच्या बोलण्याची री ओढणं, हा तिसराच प्रकार. त्यामागे बऱ्याचदा काहीतरी सांगायचं असतं. एकाच मुलात तिन्ही असू शकतात, म्हणून एका संध्याकाळच्या निरीक्षणावर निकाल देऊ नका.

वयाचाही हिशेब आहे. टिक्स साधारण ४ ते ६ व्या वर्षी सुरू होतात आणि १० ते १२ च्या सुमारास जोरात असतात. टुरेट सिंड्रोम (टिक्सचा दीर्घकाळ चालणारा विकार) म्हणायला सुरुवात १८ च्या आत झालेली असावी लागते, एकापेक्षा जास्त हालचालींच्या टिक्स आणि निदान एक आवाजी टिक लागते, आणि वर्ष उलटलेलं असावं लागतं. विसाव्या वर्षी पहिल्यांदाच आवाज आला तर आधी दोन शक्यता बघा. एक, लहानपणचं डोळे मिचकावणं, नाक ओढणं 'त्याची सवय' म्हणून सोडून दिलं गेलं होतं. दुसरी, कारण भलतीकडेच आहे: नवं औषध, बंद केलेलं औषध, सायनस, घशाशी येणारं आम्ल, दाढदुखी, फिट्स. कमी बोलणारा मुलगा दुखतंय हे शब्दांत न सांगता आवाजात सांगतो. दाढ किडलेली असताना कानमफ घेऊन काय उपयोग?

आता सामान.

कानमफ, म्हणजे कारखान्यात घालतात तसे जाड कप असलेले, बॅटरी नसलेले. आवाज तो स्वतः काढतो तर कान का झाकायचे, असा प्रश्न हमखास येतो. कारण टिक्स ताणाने, थकव्याने आणि उत्साहानेही वाढतात, आणि ऑटिझममध्ये गोंगाट हाच मोठा ताण असतो. आपल्याकडे कोकणात गोंगाटाचा हंगाम ठरलेला आहे: चतुर्थीला चाकरमान्यांनी भरलेलं घर, आरत्या, जाखडी, शिमग्यात पालखी, ढोल, फटाके. शिमग्यात सगळा गावच बोंब मारत असल्याने एका जास्तीच्या चित्काराकडे कुणी वळून बघत नाही, तेवढा एक फायदा.

पाकिटावर 'एनआरआर २५' (आवाज किती अडतो याचा अमेरिकी आकडा) लिहिलं म्हणजे २५ डेसिबल कमी झाले असं नाही. प्रत्यक्ष वापरासाठी अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत एक सोपा हिशेब सुचवला आहे: आकड्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचं अर्धं करा. २५ वजा ७ म्हणजे १८, त्याचे निम्मे ९. (पाकिटावर 'एसएनआर' असेल तर तो युरोपचा आकडा, त्याला हे गणित लावू नका.) ढोल-ताशाजवळ १०० डेसिबल सहज भरतात आणि त्या आवाजात उघड्या कानांनी १५ मिनिटांहून जास्त थांबू नये. मफ घातल्यावर ९१ उरतात, म्हणजे नुसत्या मफने भागत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात. ५ मीटरवरून २० मीटरवर गेलात तर १२ गेले. म्हणून मफ घालून पालखीपुढे उभं करू नका, मफ घालून मागच्या खळ्यात बसवा. ढोलाचा धमका मफमधून येणारच. जाड, खालच्या पट्टीचा आवाज हे कप नीट अडवत नाहीत, आणि तो छातीत जाणवतो तो वेगळाच.

आवाजी टिक्ससाठी यातली एक गोम विक्रेता कधीच सांगत नाही. कान बंद झाले की स्वतःचा आवाज कवटीच्या हाडातून आत घुमतो, रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. काही मुलांना हे सहन होत नाही आणि आवाज कमी होतो. काहींना ते घुमणं इतकं आवडतं की आवाज वाढतो. कोण कुठल्या बाजूचा, हे घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून शांत वेळी, पडवीत, सलग तीन दिवस १५-१५ मिनिटं घालून बघा आणि मगच परत करण्याची मुदत जाऊ द्या. कानात घालायच्या प्लगने हे घुमणं जास्त होतं, मफने कमी. वर हेडफोनमध्ये मोठ्याने गाणी लावली तर तो स्वतःच्या नकळत आणखी मोठ्याने ओरडेल. गोंगाटात माणूस आवाज चढवतो, तेच इथे होतं.

किनाऱ्यावर मफ लवकर खराब होतात. कडीत साधी लोखंडी तार असेल तर खारी हवा तिला गंज आणते. प्लास्टिकची किंवा स्टेनलेसची कडी बघा. कानाभोवतीची गादी रेक्झिनसारखी असते, घामाने सोलपटते. ओल्या फडक्याने सौम्य साबण लावून पुसा आणि पंख्याखाली वाळवा, उन्हात नको, आतला फोम कडक होतो. गादीला चीर पडली की आवाज आत शिरतो, म्हणून सुट्या गाद्या मिळतात का हे घेण्याआधीच विचारा. चष्म्याची काडी जाडी असेल तर गादी कानाला चिकटत नाही आणि निम्मा उपयोग तिथेच जातो. सलग तासाभराहून जास्त घालू देऊ नका. दमट हवेत बंद कानात बुरशी धरते, आणि दिवसभर शांततेत राहिलेला कान पुढे साध्या मिक्सरलाही दचकतो. लोटे किंवा मिरजोळेसारख्या एमआयडीसीच्या आसपास सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा. तिथे डोक्यावर घालून बघून घेता येतं, 'ऑटिझमसाठी खास' असं छापलेल्या महाग खोक्याची गरज नाही.

एक सल्ला मफच्या निमित्ताने. दहावीचा अभ्यास करणाऱ्या बहिणीला त्याच्या आवाजाचा त्रास होतो, हे खरं असतं आणि ते नाकारू नये. पण उपाय त्याचं तोंड दाबणं नव्हे. काही रुपयांना मिळणारे फोमचे प्लग तिच्या कानात घाला. याहून स्वस्त तोडगा या अख्ख्या यादीत नाही.

बॅटरीवर चालणारे, बाहेरचा आवाज खाणारे हेडफोन वेगळ्या कामाचे. सलग घुमणारा आवाज ते छान खातात: रेल्वेचा डबा, जनरेटर, दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं इंजिन. फटाका, शिट्टी, ताशा यांपुढे ते थिटे पडतात. फक्त प्रवासासाठी, आणि परवडत असेल तर.

चावायचं लॉकेट हे सिलिकॉनचं पदक गळ्यात घालायचं असतं. जबडा कामात राहिला की काहींच्या आवाजात खंड पडतो, काहींच्या नाही. मोठ्या मुलाच्या दातांपुढे मऊ प्रकार चार दिवस टिकत नाही, सगळ्यात कडक तोच घ्या. एकाच तुकड्यात ओतलेलं, सांधा नसलेलं, आणि दोरीला ओढल्यावर सुटणारी चाप असलेलं असावं, नाहीतर कशात अडकलं तर फास बसतो. रोज दुमडून बघा. चीर दिसली की फेकून द्या, तुकडा घशात जातो. सुती दोरी आषाढात कुबट वास मारते, ती काढून नायलॉनची घाला, पण चाप तशीच ठेवा. जबडा दुखतो म्हणाला तर आठवडाभर बंद.

'लॉकेट कशाला, आंबापोळी द्या' असं कुणीतरी सांगतंच. चघळायला आंबापोळीपेक्षा फणसपोळी बरी, जास्त वेळ टिकते. पण दोन्हींत साखर, दोन्ही दातांना चिकटतात. जेवणानंतर दोन बोटं रुंदीची पट्टी, बस. ज्याच्या टिकमध्ये एकदम श्वास आत ओढला जातो त्याला मात्र तोंडात खाण्याचं काही नको, थेट ठसका लागतो. सुपारी तर कुणालाच नको. कोकमाचं आगळ किंवा आंबट कैरी खाल्ल्यावर खाकरणं वाढत असेल तर आम्लाचा संशय घ्या आणि डॉक्टरांना तसं सांगा.

वजनदार पांघरूण: नको. हे विकणारे शरीराच्या वजनाच्या दहा टक्के वजन सांगतात, म्हणजे साठ किलोच्या मुलावर सहा किलो. वैशाखात अंगाची लाही होते आणि श्रावणात धुतलं तर वाळता वाळत नाही, मग बुरशी. ऑटिझम असलेल्या मुलांवर २०१४ मध्ये झालेल्या एका चाचणीत अशा पांघरुणाने झोप सुधारली नाही. मुलांना ते आवडलं मात्र. तेवढंच हवं असेल तर दोन किलोची मांडीवर ठेवायची उशी घरी शिवा. आत काचेचे बारीक मणी भरा. किनाऱ्यावरची वाळू भरू नका, तिच्यातलं मीठ ओल खेचत राहतं. तांदूळ भरले तर पोरकिडे होतात.

नामजपाचा काउंटर. देवळाबाहेरच्या दुकानात बोटात घालायचा, बटण दाबलं की आकडा पुढे सरकणारा. टिक्स मोजायला याहून चांगलं यंत्र नाही. घेताना एकच बघा: दाबल्यावर टिकटिक किंवा बीप वाजता कामा नये, नाहीतर तो आवाजच नवं निमित्त होतो. मोजायची पद्धत: आठवड्यातून दोनदा, त्याच वेळी, त्याच कामात, घड्याळ लावून दहा मिनिटं. दिवसभर मोजू नका. टिककडे लक्ष दिलं की टिक वाढते, आणि मोजणं म्हणजे लक्षच. वहीत आकड्याशेजारी चारच गोष्टी लिहा: रात्रीची झोप किती तास, औषध घेतलं का, त्या दिवशी काय बदललं, आवाज आल्यावर घरच्यांनी काय केलं. शेवटचा रकाना सगळे रिकामा सोडतात. पण तोच कामाचा. 'गप रव रे' म्हटल्यावर पुढच्या मिनिटाला आवाज दुप्पट होतो की आवाज आला म्हणून नको असलेल्या कामातून सुटका होते, हे तिथेच दिसतं. टिक्स आपोआप वर-खाली होत असतात, म्हणून दोन आठवड्यांत आकडा उतरला तर नव्या वस्तूला श्रेय देऊ नका. सहा आठवडे तरी बघा. आणि तो सज्ञान आहे: मोजायच्या आधी, व्हिडिओ काढायच्या तर नक्कीच, त्याला विचारा.

कार्ड. एसटीत, बँकेत, जेट्टीवर अनोळखी माणसांचा पहिला समज ठरलेला असतो: चिडवतोय, प्यायलाय, नाहीतर 'बाहेरचं लागलंय'. खिशातलं कार्ड तो गैरसमज दहा सेकंदांत मिटवतं. बाजारातली तयार कार्डं इंग्रजीत असतात आणि त्यांवर भला मोठा मजकूर असतो. कंडक्टर ते वाचत नाही. मराठीत, पाच ओळींत, एटीएम कार्डाच्या मापाचं करून घ्या:

'नमस्कार. मला ऑटिझम आहे.
माझ्या तोंडून मध्येच आवाज निघतो. मी तो मुद्दाम काढत नाही.
कृपया "गप्प बस" म्हणू नका, त्याने आवाज वाढतो.
उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागतो.
गरज पडल्यास मागचा नंबर लावा.'

मजकूर त्याला वाचून दाखवा आणि नको असेल ती ओळ काढा. 'मनोरुग्ण', 'बिचारा' असले शब्द नकोत. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको. प्रिंट लेसरची घ्या. इंकजेटची शाई पावसाच्या ओलीत पसरते. लॅमिनेशन करताना कागदाच्या चारही बाजूंना तीन मिलिमीटर प्लास्टिक सुटलं पाहिजे. दुकानदार कडा बरोबर कापतो, मग पहिल्या पावसातच आत पाणी शिरतं. चार प्रती करा: खिशात, पिशवीत, फोनच्या कव्हरमागे आणि एक घरी. कार्ड आधी पुढे करायचं, आवाज आल्यावर नव्हे. तिकीट मागतानाच दाखवायचं, ही सवय घरी पाच-सहा वेळा खोट्या तिकिटाने करून घ्या. एसटीत ड्रायव्हरच्या थेट मागची जागा टाळा. घाटात कानामागे अचानक चित्कार आला तर ड्रायव्हर दचकेल.

आता सेवा. १८ पर्यंतच्या मुलांसाठी सरकारची लवकर हस्तक्षेप केंद्रं आहेत. अठरा पूर्ण झाले की ती दारं बंद, आणि नेमका हाच मुलगा अधांतरी राहतो. त्याच्यासाठी पहिली पायरी टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, २४ तास, मराठीत. आधी समुपदेशक बोलतात, गरज असेल तर तज्ज्ञाकडे जोडून देतात. घाबरलेल्या आईला रात्री अकरा वाजता 'हे काय चाललंय, कुठे जाऊ' हे विचारायला उत्तम. टिक्सचे उपचार आठवडेच्या आठवडे फोनवर होतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, ती सेवा त्यासाठी नाही. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर व्हिडिओवरून डॉक्टर भेटतात आणि औषधाची चिठ्ठी मिळते.

दोन्हीकडे तयारी सारखीच. डॉक्टरांसमोर टिक्स बऱ्याचदा गप्प बसतात, मग 'मला तर काही दिसत नाही' ऐकावं लागतं. म्हणून तीन क्लिप काढून ठेवा, ३० सेकंदांच्या: एक शांत बसलेला असताना, एक कामात, एक त्रासलेला असताना. चेहरा आणि मान दोन्ही दिसली पाहिजेत. गेल्या सहा महिन्यांतल्या सगळ्या औषधांची नावं, डोस आणि बदललेल्या तारखा एका कागदावर. हे का महत्त्वाचं? चिडचिडीसाठी दिलं जाणारं रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्रॅझोल टिक्सवरही चालतं. डोस कमी केल्यावर दबलेली टिक वर येऊ शकते. टिक्ससाठी दिलं जाणारं क्लोनिडिन रक्तदाब उतरवतं, गुंगी आणतं, आणि एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळतो. शेजारच्या घरातली गोळी म्हणूनच नको.

खाजगी थेरपिस्ट घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'तुम्ही सीबीआयटी (टिक्ससाठीची वर्तनोपचाराची पद्धत) करता का, आणि आवाजी टिकसाठी कुठली कृती शिकवता?' उत्तर असं हवं: उबळ जाणवताच तोंड मिटून नाकाने सावकाश, पोटातून श्वास, उबळ ओसरेपर्यंत किंवा मिनिटभर, शिवाय कुठल्या प्रसंगी वाढते ते शोधून प्रसंग बदलणं. ही पद्धत २०१० मध्ये मुलांवर आणि २०१२ मध्ये मोठ्यांवर दहा आठवड्यांत आठ बैठकांत तपासली गेली आणि उपयोगी ठरली. ऑटिझममध्ये आतली उबळ ओळखणंच अवघड जातं, म्हणून चित्रं लागतात, बैठका जास्त लागतात. हे जो थेरपिस्ट आपणहून सांगतो तो चांगला. 'पंधरा दिवसांत बंद करून देतो' म्हणणाऱ्याला, किंवा आवाज काढला की शिक्षा सुचवणाऱ्याला नमस्कार. देवाक गाऱ्हाणा घालायचं असेल तर जरूर घाला, घरच्यांना धीर येतो. फक्त त्याला अंगारा लावून चारचौघांत उभं करू नका.

फोन-व्हिडिओवर न थांबता थेट जायचं कधी? आवाजाबरोबर शुद्ध हरपली, ताप असताना वागणं एकदम बदललं, श्वास घेताना शिट्टी वाजली, औषधानंतर अंग ताठरलं, मानेच्या झटक्यांनंतर हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, तर त्याच दिवशी. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. मानसोपचारासाठी रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पाटी बघून बिचकू नका, बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येतं. सकाळच्या गर्दीत तासभर बसावं लागू शकतं, तेव्हा कागद घेऊन एकाने रांगेत थांबावं आणि नंबर जवळ आल्यावर त्याला बाहेरच्या झाडाखालून आत आणावं.